होंडा बेची दिवसभराची बोट, आईला घेऊन

फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर जायचं ठरलं तेव्हा माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. आई. वय 71, दोन्ही गुडघे दुखरे, आणि मासे सोडाच, अंडंसुद्धा चालत नाही. तिथल्या पुएर्तो प्रिन्सेसा शहरात आलेला जवळपास प्रत्येक जण होंडा बे या जवळच्या उपसागरातली बोटीची सहल करतो. सकाळी निघायचं, तीन बेटं बघायची, मध्ये एका बेटावर जेवण, चार-साडेचारला परत. आई म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी खोलीवर पोथी वाचत बसते." मी ऐकलं नाही. आता ती सहल आठवली की बेटांच्या आधी बोटीवरची माणसं डोळ्यांपुढे येतात, म्हणून हे लिहिते आहे.

बुकिंग शहरातल्या एका एजन्सीकडे केलं होतं. माणशी साधारण दीड हजार पेसो, त्यात गाडी, बोट, गाईड आणि जेवण. आदल्या संध्याकाळी गाईडचा फोन आला. निघायची वेळ सांगायच्या आधी त्याने विचारलं, "लोलाला पायऱ्या चढता येतात ना?" लोला म्हणजे आजी. फॉर्मवरचं वय त्याने वाचलं होतं. पुढचा प्रश्न, लोला काय खाते? मी यादी सांगितली. पलीकडे क्षणभर शांतता, मग म्हणाला, "उद्या शुक्रवारच आहे, बरं झालं." मला तेव्हा काही कळलं नाही.

सांता लूर्देसचा धक्का शहरापासून अर्ध्या तासावर आहे. तिथे नावांची यादी तपासतात, मग बोट. या बोटीला बांका म्हणतात, लांबट आणि निमुळती, दोन्ही बाजूंना बांबूचे आधार पाण्यावर पसरलेले, त्यामुळे ती फारशी डुलत नाही. चढायला मात्र एकच अरुंद फळी. आई फळीपाशी थांबली आणि माझ्याकडे बघितलं, ती नजर मी ओळखते. तेवढ्यात दोन खलाशी कमरेएवढ्या पाण्यात उतरले, एक लांब बांबू दोन टोकांना खांद्यावर धरला आणि आईसाठी कठडा तयार केला. ती बांबूला धरून सावकाश चढली. दिवसभरात तीनदा चढउतार झाली, तिन्ही वेळा बांबू आधी तयार होता, एकदाही हाक मारावी लागली नाही. इंजिन सुरू करताना नावाड्याने छातीवर क्रूसाची खूण केली, ते पाहून आईनेही हात जोडले.

तिथे मोठ्यांना कोणी नुसत्या नावाने हाक मारत नाही. मोठा भाऊ कुया, मोठी बहीण आते. बोलताना वाक्यात 'पो' येतो, तो आदराचा, आपल्या 'अहो'च्या जवळ जाणारा. बोटीवर स्वयंपाकाचं बघणाऱ्या बाईंना सगळे 'आते' म्हणत होते. आईने ते 'आत्या' असं ऐकलं, दिवसभर आत्याच म्हटलं, आणि त्या प्रत्येक हाकेला वळून बघत राहिल्या.

होंडा हा स्पॅनिश शब्द, अर्थ खोल. पण बेटांच्या काठाशी पाणी गुडघाभर, तळाची वाळू स्वच्छ दिसणारं. पहिलं बेट फार लक्षात राहिलं नाही, गर्दी होती. दुसरं काउरी, तिथे झाडांची सावली भरपूर आणि बसायला बाकं, म्हणून जेवण तिथेच.

जेवणाबद्दल सविस्तरच सांगते. टेबलावर केळीची पानं पसरली, त्यावर मधोमध भाताची रास, भोवती भाजलेला मासा, डुकराचं मांस, काकडी, आंबा, कच्च्या पपईचं लोणचं. त्या लोणच्याला ते 'अत्सारा' म्हणतात, ऐकताच आपलं अचार आठवलं. एजन्सीने आम्हाला सांगितलं होतं की भाजी शाकाहारी असते. आई भोपळा-भेंडीच्या भाजीकडे हात नेणार तोच आतेंनी तिचं मनगट हलकेच धरलं. "बागोओंग," म्हणाल्या. आंबवलेल्या बारीक कोळंबीची पेस्ट, या भाजीत ती असतेच. त्यांनी लक्ष ठेवलं नसतं तर आईच्या पोटात गेली असती आणि आम्हाला कळलंही नसतं.

मग त्यांनी बाजूला ठेवलेला छोटा डबा उघडला. त्यात 'मुंगो' होतं. नाव ऐकूनच ओळखलं, मूग! लसूण, कांदा, टोमॅटो घालून शिजवलेली दाटसर उसळ. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस चालू होते, त्या शुक्रवारी तिथले कॅथलिक लोक मांस खात नाहीत आणि घरोघरी मुंगो होतं. एरवी त्यात सुकी मासळी किंवा कोळंबी पडते. गाईडचा फोन झाल्यावर आतेंनी रात्री लोलासाठी वेगळ्या भांड्यात, मासळी न घालता केलं होतं. शिवाय निखाऱ्यावर भाजून सोललेलं वांगं, वर कांदा-टोमॅटो आणि कालामान्सीचा रस. कालामान्सी म्हणजे गोटीएवढं लिंबू, वास संत्र्याकडे झुकणारा. आईने एक घास घेतला आणि म्हणाली, "भरीत आहे गं." दोनदा मागून घेतलं. आई घराबाहेर मागून घेत नाही.

तिनेही डब्यातली शेंगदाण्याची चटणी काढून सगळ्यांच्या पानावर वाढली. इलोइलोहून आलेलं एक फिलिपिनो कुटुंब आमच्याच बोटीवर होतं, त्यांनी नारळाच्या दुधात शिजवून पानात गुंडाळलेला चिकट भात दिला, त्याला सुमान म्हणतात. आमचं आटोपल्यावर खलाशी जेवायला बसले, आमच्यासारखेच हाताने. जवळून जाणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणत होते, "काइन पो!" या, जेवायला. ती रीत आहे आणि उत्तरात पोट भरलं म्हणायचं असतं, हे मला गाईडने सांगितलं. आईला सांगावं लागलं नाही. ती तोवर हात पोटावर ठेवून हसून 'सालामात पो', म्हणजे धन्यवाद, म्हणत होती.

तिसरं बेट लुली. 'लुलुबोग-लिलिताव' याचं छोटं रूप, म्हणजे बुडतं आणि वर येतं. भरतीला बराचसा भाग पाण्याखाली जातो, ओहोटीला वाळूची लांब जीभ उघडी पडते. गाईडने ओहोटी बघून ते मुद्दाम शेवटी ठेवलं. आई त्या ओल्या वाळूवर अनवाणी चालत पार टोकापर्यंत गेली. गुडघ्यांचं नाव काढलं नाही.

परतीच्या वाटेवर नावाड्याने 2021 च्या डिसेंबरातल्या ओडेट वादळाचं सांगितलं. त्यात त्याची जुनी बांका गेली, ही नंतर शेजाऱ्यांनी मिळून बांधली. त्याने ते एवढ्या साधेपणाने सांगितलं की पुढे काय विचारावं मला सुचलं नाही.

आता तक्रारी, आणि त्या एजन्सीच्या आहेत, बोटीच्या नाहीत. पाण्याखाली बघायचा स्नॉर्केलचा मास्क पैशांत धरला आहे असं सांगितलं होतं, धक्क्यावर वेगळं भाडं द्यावं लागलं. एका लाइफ जॅकेटचा पट्टा तुटका होता, तो गाईडने स्वतःच पाहून बदलून दिला. भाजीबद्दलची चुकीची माहिती तर मी माफ करणार नाही. शाकाहारी असाल तर कार्यालयात विचारून थांबू नका, स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारा, आणि बागोओंग हा शब्द लक्षात ठेवा. वयस्कर माणसांसाठी आणखी एक: बेटावरच्या शौचालयात बादली आणि पाणी घ्यायला 'ताबो' असतो, कागदावर भागवावं लागत नाही. 2025 च्या जूनपासून भारतीय पासपोर्टवर 14 दिवस व्हिसाशिवाय राहता येतं, तेव्हा आईवडिलांना नेण्याचा विचार जरूर करा.

धक्क्यावर उतरल्यावर सर्वांत धाकट्या खलाशाने आईचा हात घेतला आणि वाकून आपल्या कपाळाला लावला. थोरांना तिथे असा नमस्कार करतात. आईने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला, "औक्षवंत हो." चटणीचा उरलेला डबा तिने डब्यासकट आतेंना दिला, घरी मुलांना दे म्हणून. भाषा मराठीच. त्यांना समजलं.

दुसऱ्या सकाळी आम्ही विमानतळावर निघालो होतो तेव्हा गाईड दुचाकीवरून आला. डबा द्यायला. "आतेंनी पाठवलाय, लोलासाठी." आईने हातात घेतला, वजन जाणवलं तशी माझ्याकडे बघितलं आणि झाकण उघडलं. काठोकाठ काजू होते, पलावानचेच, भाजलेले.