गोगलगायींवर आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या: पावसाळाभर वापरल्यानंतर

आधीच सांगतो, या गोळ्या टाकल्या की सकाळी मेलेल्या गोगलगायींचा सडा दिसत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात बरेच जण ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणून मोकळे होतात. प्रत्यक्षात गोळी खाल्ली की गोगलगायीचं खाणं बंद होतं, ती कुंडीखाली नाहीतर पालापाचोळ्यात दडून बसते आणि तीन ते सहा दिवसांत तिथेच मरते. तेव्हा मेलेल्या मोजत बसू नका, रोपांकडे बघा. माझ्याकडे झेंडूचं नवं रोप लावलं की दुसऱ्या दिवशी नुसता दांडा उरायचा, आणि कुंडीच्या काठावरून खाली उतरलेला वाळका, चकचकीत माग. आता पानांना अधूनमधून भोकं पडतात, पण रोपं तगतात. माझ्या लेखी एवढं पुरे.

गोळ्या संध्याकाळी, किंचित ओल्या मातीवर, विरळ फेकायच्या. ढीग घातला तर त्या फुगून एकमेकींना चिकटतात, वर पांढरी बुरशी धरते, आणि घरातल्या कुत्र्याला आयतं खाणं मिळतं. हे औषध तुलनेने सौम्य असलं तरी कुत्र्याने डबाच फस्त केला तर लोहाची विषबाधा होऊ शकते. जोराची सर आली की गोळ्यांचा चिखल होतो, परत टाकाव्या लागतात. ही मला खरी कटकट वाटली.

मेटाल्डिहाइड या गोगलगायींवरच्या दुसऱ्या औषधाच्या गोळ्यांचा परिणाम लवकर दिसतो, हे कबूल. गोगलगाय चिकट स्राव सोडत सोडत सुकून जाते. पण कुत्र्यामांजरांसाठी ते जहाल विष आहे. ब्रिटनमध्ये मार्च २०२२ अखेरपासून बागेत वापरायला बंदीच आहे. घरात जनावर असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

तांब्याची पट्टी आणि अंड्याची टरफलं हे दोन लाडके उपाय. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटनमधल्या बागकाम संस्थेने लेट्यूसवर यांची चाचणी घेतली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले: काही न केलेल्या रोपांइतकंच नुकसान. माझा अनुभवही तोच, पट्टी ओलांडून गोगलगाय निवांत वर. मिठाचं तर नावच काढू नका, गोगलगाय मरते आणि माती नासते.

गोळ्यांना सगळं श्रेय मात्र देणार नाही. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालायला लागलो, त्यानेच रात्रीची वर्दळ बरीच घटली. शिवाय वाफ्याशेजारी ओलं गोणपाट अंथरून ठेवतो. उजाडल्यावर उचललं की खाली दाटीवाटीने बसलेल्या सापडतात. मोठ्या शंखी गोगलगायी मी अशाच वेचतो. हातमोजे घालूनच, कारण काहींच्या अंगात उंदराच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असतात आणि त्या पोटात गेल्या तर माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. पालेभाजी लावत असाल तर नीट धुऊनच खा.

अंड्यांचं या गोळ्या काहीच करत नाहीत. आफ्रिकन शंखी गोगलगाय एका वेळी शंभर-दोनशे अंडी मातीत घालते, त्यामुळे एकदा टाकून भागत नाही. कुंड्या हलवताना साबुदाण्यापेक्षा जरा मोठ्या, पिवळसर पांढऱ्या अंड्यांचे पुंजके दिसले की तिथल्या तिथे चिरडायचे.

पुन्हा घेईन, पण लहान डबा. उघडलेला मोठा डबा दमट हवेत टिकत नाही.