बनावट प्रोटीन पावडर आणि माझे ५३,४७० रुपये

गेली १९ वर्षे मी कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन आणि लेखाकर्म हा विषय शिकवतो. पावतीशिवाय नोंद करायची नाही, हे मी दरवर्षी अकरावीच्या मुलांना पहिल्याच तासाला सांगतो. त्याच मी जानेवारी ते एप्रिल २०२४ या काळात एकाही पावतीशिवाय ४६,९०० रुपये एका जिमच्या ट्रेनरच्या हाती दिले आणि त्या बदल्यात साखरेच्या सख्ख्या भावंडाचे डबे घरी आणले. लिहिताना लाज वाटते. तरीही लिहितो आहे, कारण त्याच जिममध्ये आजही तेच डबे विकले जात आहेत.

आधी हिशेब मांडतो. बारा आठवड्यांच्या ‘ट्रान्सफॉर्मेशन पॅकेज’चे १८,५०० रुपये. व्हे प्रोटीनचे, म्हणजे दुधापासून काढलेल्या प्रथिनांच्या पावडरचे, २.२७ किलोचे तीन डबे, प्रत्येकी ६,८०० प्रमाणे २०,४००. बीसीएएचे (स्नायूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अमिनो आम्लांचे) दोन डबे, ४,४००. पुरुषी संप्रेरक वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ‘टेस्टो बूस्टर’ गोळ्यांची एक बाटली, ३,६००. त्यानंतर शहाणपण सुचल्यावर खासगी प्रयोगशाळेत पावडर तपासून घेण्याचे जीएसटीसह ४,७२० आणि माझ्या स्वतःच्या रक्ततपासण्यांचे १,८५०. एकूण ५३,४७०. जिमची वार्षिक फी मी यात धरलेली नाही, कारण तिथली वजने तरी खरी होती.

मी अगदीच भोळा होतो असे कोणी समजू नये. वयाच्या ४३ व्या वर्षी, डिसेंबरच्या तपासणीत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, थोडी वाढलेली, ५.८ आली, तेव्हा डॉक्टरांनीच वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करा असे सांगितले होते. मी वाचन केले. सामान्य माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, पण स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्याने १.६ ग्रॅमच्या आसपास घ्यावीत, हे मला ठाऊक होते. माझे वजन तेव्हा ६८ किलो होते, म्हणजे दिवसाला सुमारे १०९ ग्रॅम. आमच्या घरच्या वरण-भात-भाजी-पोळीतून ५० ग्रॅमसुद्धा निघत नव्हते. ही तूट पावडरने भरून काढावी, या विचारात चूक काहीच नव्हती. चूक पुढे झाली.

ट्रेनर माझा जुना विद्यार्थी होता. अकरावी-बारावीला माझ्या वर्गात असलेला, अभ्यासात यथातथा, पण बोलायला अत्यंत गोड मुलगा. स्क्वॉट करताना (खांद्यावर वजन घेऊन बसताना-उठताना) गुडघे आत का जातात, डेडलिफ्टच्या वेळी (जमिनीवरून वजन उचलताना) पाठ कशी ठेवायची, हे तो खरोखर उत्तम शिकवायचा, आणि हे मी आजही नाकारत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने सांगितले की दुकानात हाच डबा नऊ हजारांच्या खाली मिळणार नाही, मात्र त्याच्या ओळखीचा एक माणूस मुंबईत थेट इंपोर्टरकडून माल उचलतो. मी बिलाचे विचारले तेव्हा तो हसला. “सर, बिल घेतलंत तर अठरा टक्के जीएसटी वर लागेल. आणि तुम्हाला फसवून मी कुठं तोंड दाखवू?”

इथे मी थांबायला हवे होते. डब्यावर एमआरपी १०,४९९ छापलेली होती, आणि एमआरपीमध्ये सर्व कर आधीच धरलेले असतात, हे माझ्या विषयाचे अगदी प्राथमिक ज्ञान आहे. बिल मागितल्यावर जो कराची भीती घालतो त्याच्याकडून काडेपेटीसुद्धा घेऊ नका.

पण मला खरे डाचते ते हे नव्हे, तर ८ जानेवारीच्या रात्रीची दहा मिनिटे. झाकणावर चंदेरी पट्टी होती. ती नाण्याने खरवडली की बारा आकडी कोड दिसायचा, आणि शेजारचा क्यूआर मोबाइलने टिपला की कंपनीचे पान उघडून तिथे तो कोड भरायचा. मी चष्मा न लावता कोड भरला. हिरवी खूण उमटली आणि आपले उत्पादन अस्सल असल्याबद्दल अभिनंदन झाले. समाधानाने मी तो कोड वहीत उतरवून घेऊ लागलो (ही सवय आहे), तेव्हा लक्षात आले की शेवटचा आकडा ८ आहे आणि मी ६ भरला होता. म्हणजे चुकीचा कोडही अस्सल ठरला होता. मी चष्मा लावून योग्य कोड पुन्हा भरला. पुन्हा तीच हिरवी खूण, तेच अभिनंदन.

त्या क्षणी कोणत्याही शुद्धीवरच्या माणसाने डबा परत बंद केला असता. मी मात्र मनाशी तर्क लढवला की कदाचित ६ ने संपणाराही एखादा खरा डबा असेल आणि योगायोगाने मी त्याचाच कोड भरला असेन. बारा आकडी कोडात असा योगायोग घडण्याची शक्यता किती, हे विद्यार्थ्याने विचारले असते तर मी त्याला फळ्यावर मांडून दाखवले असते. पण ६,८०० रुपये खिशातून गेलेले होते, डबा ओट्यावर उभा होता, आणि माणसाला आपण मूर्ख ठरलो हे मान्य करण्यापेक्षा योगायोगावर विश्वास ठेवणे सोपे जाते. एप्रिलमध्ये मी त्याच पानावर बारा शून्ये भरून पाहिली. त्या बारा शून्यांचेही अभिनंदन झाले. ते पान कंपनीचे नव्हतेच. पत्त्यात एक अक्षर जास्त होते. म्हणून सांगतो, डब्यावरचा क्यूआर टिपूच नका. कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा, आणि खऱ्या कोडाच्या आधी मुद्दाम एक खोटा कोड भरून पाहा.

दुसरी सूचना घरातूनच मिळाली होती. फेब्रुवारीत एके रात्री पावडर घुसळायचा शेकर न धुता ओट्यावर राहिला, आणि सकाळी तो मुंग्यांनी काळा झाला होता. “अहो, हे प्रोटीन आहे की बत्तासे?” असे पत्नीने विचारले. मुंग्या लागणे हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, असे मी तिला सुनावले. ते वाक्य तांत्रिकदृष्ट्या आजही बरोबर आहे, आणि ते आठवले की आजही मान खाली जाते.

माझ्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवलीच पाहिजे. माझी ताकद खरोखरच वाढत होती. जानेवारीत स्क्वॉटला सळईसह ४० किलो जड जात होते, मार्चअखेर मी ७५ किलो पाच वेळा बसून उठवत होतो. बेंच प्रेस, म्हणजे बाकावर आडवे पडून छातीवरून वजन ढकलणे, ३० वरून ५० किलोवर गेला होता. नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याची ताकद पहिल्या तीन महिन्यांत झपाट्याने वाढते, कारण मज्जासंस्था असलेल्याच स्नायूंना अधिक चांगले कामाला लावायला शिकते. त्यासाठी पावडर खरी असावी लागत नाही, किंबहुना पावडर असावीच लागत नाही. या धंद्याचे सगळे गणित याच तीन महिन्यांवर उभे आहे. सळईवरचे वजन वाढते आणि श्रेय डब्याला जाते. माझे वजन ७३.५ किलो झाले, पँटचा हूक लागेना, तेव्हा त्यालाही ट्रेनरकडे शब्द तयार होता: “सर, बल्किंग चालू आहे.” म्हणजे स्नायूंसाठी मुद्दाम वजन वाढवणे.

६ एप्रिलला पुन्हा रक्त तपासले. एचबीएवनसी ६.६. डॉक्टरांनी कागदावरून नजर वर केली आणि गोड खाणे वाढले आहे का, असे विचारले. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. ज्या कारणासाठी मी जिमची पायरी चढलो, नेमके तेच मी दिवसातून दोन स्कूप घेऊन स्वतःवर ओढवून घेतले होते.

डबा तपासणीला दिला. लेबलवर ३० ग्रॅमच्या स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रथिने, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ८०, असा दावा होता. अहवालात १०० ग्रॅमला प्रथिने ३१.४ ग्रॅम आणि कर्बोदके ५७.९ ग्रॅम निघाली. म्हणजे एका स्कूपला साडेनऊ ग्रॅम प्रथिनेसुद्धा नाहीत. बाकीचा ऐवज बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असावा. चवीला फारशी गोड नसलेली ही पिठी रक्तातली साखर मात्र साखरेसारखीच भराभर चढवते. त्या ३१.४ वरही प्रयोगशाळेतल्या मॅडमनी शंका घेतली. ही चाचणी प्रथिने थेट मोजत नाही, नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनांचा हिशेब काढते, आणि ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्ले मिसळून तो आकडा फुगवता येतो. म्हणजे खरा आकडा याहूनही खाली असू शकतो. सात रुपयांच्या भावाने ६,८०० रुपयांत साडेनऊशेहून अधिक अंडी आली असती, आणि त्यांतून त्या एका डब्याच्या आठपट प्रथिने मिळाली असती. कोल्हापुरात शिकत असताना गंगावेशीत उभा राहून म्हशीचे धारोष्ण दूध पिणारा मी, वीस वर्षांनी रंगीत डब्यातली पिठी पाण्यात घुसळून पीत होतो.

‘टेस्टो बूस्टर’च्या बाटलीवर अकरा घटकांची नावे होती आणि एकाचेही प्रमाण नव्हते, नुसते ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’, म्हणजे कंपनीचे गुपित मिश्रण. प्रमाण न लिहिलेली गोळी पोटात घालू नये, याहून अधिक त्यावर बोलण्यासारखे नाही. बीसीएएविषयी एवढेच की आहारात पुरेशी प्रथिने असतील तर त्याची गरजच नसते, हे मला पैसे दिल्यानंतर समजले.

डब्यावर एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक होता. फॉस्कॉस या सरकारी संकेतस्थळावर असा क्रमांक कोणालाही फुकट तपासता येतो. मी तो एप्रिलमध्ये तपासला. तो दुसऱ्याच राज्यातल्या एका बेकरीचा निघाला. आयात केलेल्या डब्यावर भारतातल्या आयातदाराचे नाव आणि पूर्ण पत्ता असावाच लागतो. माझ्या डब्यावर नाव होते आणि पत्त्याच्या जागी फक्त ‘मुंबई’. बॅच क्रमांक तर चॉकलेट आणि व्हॅनिला या दोन्ही डब्यांवर एकच होता, आणि अंगठा ओला करून घासला की तारखेची शाई निघून येत होती. हे सारे माझ्या स्वयंपाकघरात तीन महिने माझ्या डोळ्यांसमोर होते.

ट्रेनरला विचारले, तेव्हा तो आधी म्हणाला की तुम्ही झाकण उघडे ठेवले असेल. झाकण उघडे ठेवल्याने प्रथिनांची पिठी कशी होते, हे त्याने सांगितले नाही. नंतर म्हणाला की आपणही वरून सीलबंदच घेतो. शेवटी फोन उचलणे बंद झाले. जिमच्या मालकांनी हात झटकले: ट्रेनर काय विकतो हा त्याचा वैयक्तिक व्यवहार. ज्या काउंटरवर ते डबे मांडलेले होते, त्याच काउंटरवर हात टेकवून त्यांनी हे सांगितले.

आता सरकारी दारांविषयी. अन्नपदार्थांची तपासणी ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयात मी पाच वेळा गेलो. पहिल्या वेळी साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या वेळी अर्ज विहित नमुन्यात नाही. तिसऱ्या वेळी माझा प्रयोगशाळेचा अहवाल ग्राह्य धरता येणार नाही, कारण नमुना अधिकाऱ्याने स्वतः घेऊन, त्याचे चार भाग करून सील करायला हवा आणि मी तर उघडा डबा आणला होता. कायद्याने ते बरोबर आहे. मग जिममध्ये जाऊन नमुना घ्या, अशी मी विनंती केली, तर मनुष्यबळ नाही असे उत्तर मिळाले. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. ते कलम छापून नेले, तेव्हा समोरच्या लिपिकाने ते माझ्यासमोर पहिल्यांदाच वाचले. पाचव्या खेपेला मला आवक क्रमांक मिळाला. अखेर पाहणी झाली ती १९ दिवसांनी, आणि तोपर्यंत काउंटरवर फक्त पाण्याच्या बाटल्या होत्या. बातमी कुठून फुटली हे मी विचारले नाही.

पोलीस ठाण्यात याहून वेगळे काही घडले नाही. जुलैमध्ये नवी भारतीय न्याय संहिता लागू होऊन आठवडाच झाला होता, आणि फसवणुकीचे ४२० जाऊन ३१८ आले आहे, यावरच तिथे अर्धा तास चर्चा रंगली. मग मला सांगण्यात आले की ही ग्राहक न्यायालयाची बाब आहे. एक हवालदार जवळ येऊन आपुलकीने म्हणाले, “सर, या वयात कशाला हे बॉडीबिडी?” फसवणूक झाल्याचे दुःख मी सोसले, तो प्रश्न मात्र अजून सोसवत नाही. याच हवालदारांना मी विचारायला हवे होते की रक्तदाब वाढवणारी मेफेन्टरमिनची इंजेक्शने जिममध्ये विकताना पकडली गेल्याच्या बातम्या येतात, तेव्हाही कोणाचे वय पाहून कारवाई होते का.

जिल्हा ग्राहक आयोगाचे दार मात्र उघडे आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण पुन्हा पावतीची. पहिला डबा मी रोख घेतला, त्याचा कसलाही पुरावा नाही. पुढचे पैसे यूपीआयने गेले, पण ट्रेनरच्या सांगण्यावरून त्याच्या मेहुण्याच्या नंबरवर, आणि शेरा लिहायच्या जागी मी काहीच लिहिले नव्हते. दोनच शब्द लिहिले असते, ‘व्हे डबा’, तर आज प्रतिज्ञापत्राची तीन पाने लिहायची वाचली असती. व्हॉट्सॅपवरचे “सर तुमचा २.२७ आला आहे” हे संदेश मात्र मी पुसले नव्हते, आणि सध्या सगळी मदार त्यांच्यावर आहे. अशा माणसाशी फोनवर बोलू नका, लेखी विचारा.

तिसऱ्या डब्यात अजून साधारण सव्वा किलो पावडर शिल्लक आहे. तो पुरावा म्हणून चिकटपट्टी लावून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि खाली खडूची रेघ मारली आहे. ज्यांच्याकडे झाकणावर चंदेरी पट्टी असलेला आणि कोणत्याही बारा आकड्यांना अस्सल म्हणणारा डबा आहे, त्यांनी संतापून तो कचऱ्यात टाकू नये. न उघडलेला असेल तर उघडूही नये. माझा उघडा डबा ज्या टेबलावर नापास झाला, तिथे सीलबंद डबा निदान टिकण्याची शक्यता तरी आहे.