एमी टॅन वाचायला घेताय? ‘जॉय लक क्लब’ आधी, की ‘बोनसेटर्स डॉटर’?

चीनमधून अमेरिकेत आलेली आई आणि तिथंच जन्मलेली लेक, हा विषय अमेरिकन लेखिका एमी टॅन यांनी पुन्हा पुन्हा लिहिला. सुरुवात म्हणून बहुतेक जण ‘द जॉय लक क्लब’ (१९८९) सुचवतात. मी म्हणेन, आई थकत चालली असेल तर आधी ‘द बोनसेटर्स डॉटर’ (२००१) घ्या.

‘जॉय लक’मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चार आया, चार लेकी आणि १६ कथा आहेत. त्यांतली एक आई, सुयुआन, वारलेली आहे, म्हणून माहजाँग या सोंगट्यांच्या चिनी खेळाच्या टेबलावर तिची जागा लेक जिंग-मेई घेते. चीनमध्ये राहून गेलेल्या बहिणींना भेटून आईविषयी सांग, असं बाकीच्या तिघी आया, म्हणजे तिच्या मावश्या, तिला म्हणतात. ती विचारते, काय सांगू? मला आई ठाऊकच कुठं होती! मावश्या हादरतात, कारण तिच्यात त्यांना आपापल्या लेकी दिसतात. सुरुवातीला कोण कुणाची हे लक्षात ठेवणं जड जातं. मी तर कागदावर नावं लिहून ठेवली होती. पण प्रसंग असे की विसरता येत नाहीत. त्यांतली लिंडो ही आई आपल्या हातच्या पदार्थाला नावं ठेवते, मीठ कमी आहे, चव नाही म्हणते. होणारा गोरा जावई ते खरं मानून त्यावर सोया सॉस ओततो! ‘आज काही जमलं नाही हो’ म्हणत वाढणारी आई ज्यानं पाहिली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. खटकतं एवढंच, की आयांचे आवाज कधी कधी एकमेकींत मिसळतात.

‘बोनसेटर्स’मध्ये आई एकच, लुलिंग. तिची स्मृती ढासळू लागली आहे. तिनं आपली हकिकत चिनीत लिहून ठेवली होती, पण तिची लेक रूथ हिला चिनी नीट वाचता येत नाही. दुसऱ्यांची पुस्तकं लिहून देणाऱ्या या लेकीला आईचं लिखाण कळण्यासाठी भाषांतरकार गाठावा लागतो. तुटक इंग्रजी बोलणारी लुलिंग त्या पानांत काय ओघवती बोलते! पेकिंगजवळचं (म्हणजे आजच्या बीजिंगजवळचं) शाई बनवणाऱ्यांचं गाव, हाडवैद्याची मुलगी असलेली तिची मुकी दाई, सगळं डोळ्यांपुढं उभं राहतं. रूथचं बालपणही तितकंच जिवंत आहे. हात मोडून गप्प झालेल्या रूथला आई वाळूचा ट्रे देते, आपली धूळपाटीच म्हणा ना. तिनं त्यात गिरवलेल्या अक्षरांत आईला मेलेल्या दाईचा निरोप दिसतो. मग पोर आईच्या प्रश्नांची उत्तरं लिहीत बसते, कधी कधी स्वतःला हवी तीच. शेवट मला जरा जास्तच जुळवून आणलेला वाटला. पण दाईचं खरं नाव आठवण्यासाठी लुलिंगची चाललेली धडपड वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि आईला फोन करून आजीचं माहेरचं नाव विचारलं. तिलाही ते पटकन आठवलं नाही.

अशाच आई-लेकीवरचं, चिनी-अमेरिकन लेखिका मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांचं ‘द वुमन वॉरियर’ (१९७६) अधिक धारदार आहे. त्यातली आई पहिल्याच ओळीत बजावते, हे कुणाला सांगायचं नाही. मात्र ते आठवणींचं पुस्तक म्हणून प्रसिद्ध झालं, शिवाय दंतकथा आणि घडलेलं त्यात एकमेकांत विणलेलं आहे. कादंबरीच हवी असेल तर ते नंतर घ्या. वेळ अगदीच कमी असेल, तर ‘जॉय लक’मधली एकेक कथा सुटी वाचता येते, खेकड्यांच्या जेवणाची कथा आधी काढा. ‘बोनसेटर्स’ला मात्र सलग दोन-तीन दिवस हवेत.