छोटा शिग्रीवरचा ट्रेल कॅमेरा: फोटो उत्तम, तारखांचा सत्यानाश

मॉडेलचं नाव देत नाही, पण जंगलात बिबट्या टिपायला लावतात तोच हा प्रकार. आम्ही दोन घेतले आणि हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमधल्या छोटा शिग्री हिमनदीच्या काठावर, पक्क्या खडकात बोल्ट ठोकून बसवले. दर तासाला एक फोटो. समोर बर्फात रोवलेली बांबूची काठी, तिच्यावर दर १० सेंटीमीटरला रंगाचा पट्टा. बर्फ वितळला की काठी तेवढी उघडी पडते.

हंगाम संपल्यावर पहिल्याचं कार्ड उघडलं. फोटो स्वच्छ, लेन्सवर दव नाही, खोक्यात पाण्याचा थेंब नाही. आणि तारीख? १ जानेवारी. थोडे फोटो पुढे गेलं की परत १ जानेवारी.

कारण साधं आहे. रात्री इन्फ्रारेड फ्लॅश उडतो, तो बंद करायची सोय नाही. थंडीत सेलचा व्होल्टेज कोसळतो आणि कॅमेरा बंद पडतो. सकाळी ऊन लागलं की परत सुरू होतो, पण घड्याळ पहिल्यापासून. ढगाळ दिवशी तर सुरूच होत नाही, म्हणजे मधले किती दिवस गेले तेही कळत नाही. घड्याळासाठी आत वेगळा बटण सेलच दिलेला नाही! पन्नास रुपयांच्या आत येणारी वस्तू वाचवली आणि आमचा अख्खा हंगाम टांगणीला लावला.

सर्व्हिस सेंटरचं म्हणणं: फोटो निघतायत म्हणजे कॅमेरा चालू आहे, बिघाड नाही. खोक्यावर उणे २० अंश छापलंय, ते घड्याळाला लागू नाही का, असं लेखी विचारलं. त्यावर उत्तर नाही. वॉरंटी वातावरणामुळे झालेल्या दोषाला नसते, एवढं मात्र तत्परतेने कळवलं.

तारखेवरून एवढा त्रागा का? या हिमनदीवर २००२ पासून दरवर्षी मोजमाप होतंय. २००२ ते २०१४ या काळात ती वर्षाला सरासरी, सगळ्या पृष्ठभागावर ०.५६ मीटर पाण्याचा थर जावा इतकी झिजली. पण काठ्या मोजायला माणूस वर्षातून मोजक्या वेळीच पोचतो, चंद्रा नदी तारेला टांगलेल्या झुल्यातून ओलांडून. मधल्या काळात काय घडलं ते कॅमेऱ्याने सांगायचं. भर पावसाळ्यात वर एकदा दमदार बर्फ पडला की तो ताजा पांढरा थर बहुतेक ऊन परतवून लावतो आणि खालच्या मळकट बर्फाचं वितळणं थांबतं. हिमनदीच्या बर्फाचा वर्षाचा जमाखर्च बऱ्याच अंशी वितळण्याच्या महिन्यांतल्या या हिमवर्षावावर ठरतो. तो कुठल्या दिवशी झाला आणि थर किती दिवस टिकला हेच माहीत नसेल, तर नुसत्या फोटोंचं काय करायचं?

इथवर लिहिलं तेव्हा पाचपैकी एक तारा देणार होतो. मग दुसऱ्या कॅमेऱ्याचं कार्ड नीट पाहिलं. त्यात लिथियम एए सेल होते (पुस्तिकेत अल्कलाइनच सांगितलेत). तारीख शेवटपर्यंत टिकली! एका संध्याकाळी काठीचे चार पट्टे दिसतात, सकाळी तीनच आणि सगळं पांढरं. पुढचे कित्येक दिवस आकडा हलत नाही. मग बर्फ करडा पडायला लागतो आणि चौथा पट्टा खालून हळूहळू वर येतो. हे घडताना बघायला मिळालं याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. याच हिमवर्षावाच्या आधारे आणि दुपारच्या सावल्यांच्या लांबीवरून पहिल्या कॅमेऱ्याचे बरेचसे फोटोही दोन-तीन दिवसांच्या फरकाने लावता आले. म्हणून तीन तारे.

लिथियम सेल अल्कलाइनच्या कितीतरी पट महाग, आणि एका कॅमेऱ्याला आठ लागतात. शिवाय त्यांचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो, त्यामुळे बॅटरीची खूण 'फुल' दाखवत असतानाच कॅमेरा मान टाकतो. खुणेवर विसंबू नका, हंगामाला नवे घाला. अमेरिकन छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये एक्स्ट्रीम आइस सर्व्हे हा हिमनद्या कॅमेऱ्याने टिपत राहण्याचा प्रकल्प सुरू केला तेव्हा डीएसएलआर, सोलर पॅनेल आणि खास बनवलेले टायमर वापरले होते. तो खर्च आपल्याला झेपणारा नाही. बर्फाचा कडा कोसळताना टिपायचा नसून काठी वाचायची असेल, तर स्वस्त कॅमेरा पुरतो.

फक्त घेताना दुकानातच तारीख लावा, सगळे सेल काढा, दहा मिनिटं थांबा, परत घाला. तारीख गेली असेल तर पैसे देऊ नका.