क्रोमियम-६ : आरओ की आयन एक्सचेंज?

नळाच्या पाण्यात क्रोमियम-६, म्हणजे क्रोमियम धातूचं विषारी रूप निघालं, तर घरी काय बसवावं? माझा कौल आरओला. त्याचा पडदा क्रोमियमबरोबर आर्सेनिक, नायट्रेटही बऱ्यापैकी अडवतो. पाणी मात्र बरंच वाया जातं, हे खटकतं.

आयन एक्सचेंजमध्ये, म्हणजे पाण्यातले भारित कण (आयन) रेझिनच्या बारीक मण्यांवर पकडणाऱ्या पद्धतीत, ती नासाडी कमी. पण क्रोमियम-६ पाण्यात क्रोमेट म्हणून, म्हणजे ऋणभारित रूपात असतं. त्यामुळे रेझिनही ऋण आयन पकडणारंच हवं. पाणी मऊ करणारं नेहमीचं यंत्र इथे कामाचं नाही. सल्फेट जास्त असेल तर रेझिन लवकर भरतं, आणि चवीवरून ते कळत नाही. प्रयोगशाळेतली तपासणी दोन्हींत लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम एकूण क्रोमियम आहे.

उकळून मात्र काही साधत नाही. पाणी आटतं, क्रोमियम तसंच राहतं.