‘तिकडचा भाव’ ऐकून घेतलेलं तेल

चार लिटर गियरबॉक्सचं तेल घेताना माझे ९६० रुपये वाचले. पाच आठवड्यांनी तोच गियरबॉक्स उतरवून उघडावा लागला, तेव्हा ३१,४०० रुपये गेले. घरच्या घरी तेल बदलायला निघालेल्या माणसाला काम शिकवणारे पुष्कळ भेटतात, तेल कुठून घ्यावं ते कोणी नीट सांगत नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहीत आहे.

आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले मराठी. मी शाळेत शिकवते. आप्पा, म्हणजे माझे वडील, बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. भाऊ पुण्याला गेला तेव्हा त्याची जुनी गाडी आमच्या अंगणात ठेवून गेला. कोरियन कंपनीची छोटी गाडी, चार गियरची ऑटोमॅटिक, ९० हजार किलोमीटर झालेली. महिन्यातून दोनदा आप्पांना बेळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. सकाळच्या बसला उभं राहून जाणं त्यांना आता जमत नाही, त्यामुळे ही गाडी म्हणजे आमची गरज.

गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत गियर पडताना हलका धक्का जाणवायला लागला. डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी बघायची पट्टी, काढून बघितली तर तेल तपकिरी झालेलं. बेळगावच्या एका मोठ्या गॅरेजने मशीन लावून पूर्ण तेल बदलायचे ९,००० सांगितले. आप्पा म्हणाले, "एवढे कशाला? बोल्ट सोडायचा, तेल काढायचं, मोजून तेवढंच घालायचं. खंडेनवमीच्या आत करून टाकू आपण." आणि काम खरंच तेवढंच आहे, थोडी काळजी घेतली तर.

ही काळजी कसली ते आधी सांगते, कारण काम करताना आम्ही चुकलो नव्हतो. गाडी सपाट जागी घेतली, मागच्या चाकांना दगड लावले. जॅकने उचलून खाली लोखंडी स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर आप्पा कोणाला गाडीखाली हात घालू देत नाहीत, डेपोत त्यांनी एकदा जॅक घसरताना पाहिला आहे. दहा मिनिटं गाडी फिरवून तेल कोमट केलं होतं, कोमट तेल पटकन उतरतं. खाली मोठं घमेलं ठेवून ड्रेन बोल्ट सोडला. निघालेलं तेल मापाच्या बाटलीने मोजलं, साडेतीन लिटर भरलं. या गाडीत एकूण सहा लिटरच्या वर तेल असतं, पण बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्सच्या मधल्या तेलाने भरलेल्या भागात, आणि कूलरच्या नळ्यांत अडकून राहतं. म्हणून एका वेळी साधारण निम्मंच बदलतं. काही दिवस गाडी चालवून पुन्हा तसंच निम्मं काढायचं, म्हणजे दोन फेऱ्यांत बरंच तेल नवं होतं. आमचाही बेत तोच होता. बोल्टला नवा वॉशर घातला, लांब नरसाळ्याने डिपस्टिकच्या नळीतून तेल घातलं. मग इंजिन चालू ठेवून ब्रेकवर पाय दाबून लिव्हर प्रत्येक जागी दोन-चार सेकंद धरला आणि गाडी गरम झाल्यावर पातळी पाहिली. ती बरोबर होती.

तेवढं तेल मात्र खोटं होतं.

पुस्तिकेत ‘एसपी-थ्री’ जातीचं तेल लिहिलेलं. नेहमीच्या दुकानात एका लिटरचे ६४० सांगितले, एक रुपया कमी नाही. दोन दुकानं सोडून पुढे, गजबजलेल्या गल्लीतच, दुसरं दुकान होतं. आतला माणूस छान मराठी बोलणारा. मी गाव सांगितलं तर त्याने आमच्या शेजारच्या गावातल्या यात्रेची चौकशी केली. म्हणाला, "बाई, ४०० ला देतो. कोल्हापूरचा माल हाय, तिकडचा भाव. आपल्याच माणसाला जादा लावू व्हय?"

‘तिकडचा भाव’ हा शब्द सीमेवरच्या माणसाच्या कानाला लगेच पटतो. सीमेलगतच्या कोगनोळीच्या पंपावर एमएच-०९ च्या, म्हणजे कोल्हापूरच्या, गाड्या रांगेने डिझेल भरताना आपण वर्षानुवर्षं बघितल्या, कारण कर्नाटकात ते स्वस्त मिळायचं. रेषेच्या एका बाजूला एक दर आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, हे आपल्या अंगवळणी पडलंय. म्हणून तेलाच्या कॅनबद्दल तेच ऐकल्यावर मी पुढे विचारच केला नाही. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपापला कर लावतं, म्हणून तिथे फरक पडतो. इंजिनाचं आणि गियरचं तेल जीएसटीत आहे. १ जुलै २०१७ पासून त्यावर कोल्हापुरात जो कर, तोच बेळगावात, १८ टक्के. कर वाचतो म्हणून गियरचं तेल सीमेपलीकडे लिटरमागे २४० रुपयांनी स्वस्त मिळेल, असं कारणच उरलेलं नाही. हे मला ठाऊक होतं. जीएसटीची आकडेमोड मी मुलांना फळ्यावर शिकवते. पण समोरचा माणूस आपल्या बोलीत, आपल्या गावाचं नाव घेऊन बोलत होता आणि मला त्याच्यावर विश्वास ठेवायचा होता. इथे दुकानाची पाटी कन्नड, कार्यालयातला अर्ज कन्नड, आणि अशा ठिकाणी कोणी "आपलं माणूस" म्हटलं की मन सैल पडतं. त्याने नेमका तिथेच हात घातला, याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे.

पावती मागितली तर म्हणाला, "पावती केली की मग ६४० च होतात बाई." पैसे फोनवरून पाठवले. क्यूआर कोडवर नाव दुकानाचं नव्हतं, कुठल्या तरी बाईचं होतं. तेही मी वाचलं आणि पाठवले.

कॅन उघडताना आप्पा शेजारी खुर्चीवर बसले होते. पहिलं झाकण फिरवलं तर कडक ‘कट’ आवाज आला नाही, सहज फिरलं. आत चांदीचा पडदा होता, पण त्याचा एक कोपरा सुटलेला आणि खाली डिंकासारखं काहीतरी. आप्पांनी कॅन नाकाशी नेला. "घासलेटासारखा वास येतोय गं." मी म्हटलं, आप्पा, हे ऑटोमॅटिकचं तेल आहे, तुमच्या बसच्या नव्वद नंबरच्या तेलासारखं नसतं. ते गप्प बसले. चाळीस वर्षं तेलात हात घातलेला माणूस सांगत होता आणि मी पुस्तिका वाचली म्हणून त्यांना गप्प केलं. रंग लालभडक होता आणि माझ्या लेखी तेवढं पुरे होतं. पण तो लाल रंग वरून घातलेला असतो. गळती झाली तर इंजिनाचं तेल कुठलं आणि गियरचं कुठलं ते कळावं म्हणून कंपन्या तो घालतात. रंग कशातही घालता येतो.

तीन आठवडे बरे गेले. मग चढावर गियर बदलताना इंजिन मोठ्याने ओरडायचं आणि गाडी क्षणभर मागे ओढल्यासारखी व्हायची. दवाखान्याची तारीख जवळ होती म्हणून मी दुर्लक्ष केलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी आप्पांना घेऊन निघाले. देसूर गेलं, मच्छे गेलं, आणि पिरनवाडीच्या अलीकडे इंजिन नुसतंच घुमायला लागलं, गाडी पुढे सरकेना. मागे ट्रक हॉर्न देत होते. आप्पांना रिक्षात बसवून दवाखान्यात पाठवलं आणि मी गाडी ओढून उद्यमबागेतल्या एका मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी डिपस्टिक काढली तर टोकाला फेस. त्यांनी उरलेलं तेल मागितलं. चौथ्या कॅनमध्ये अर्धा लिटर शिल्लक होतं, ते दुसऱ्या दिवशी नेऊन दिलं. दोन स्वच्छ काचेच्या बाटल्या घेतल्या, एकीत आमचं तेल, दुसरीत त्यांच्याकडच्या सीलबंद कॅनमधलं. दोन्ही जोरात हलवून ठेवल्या. त्यांच्या तेलावरचा फेस बघता बघता बसला. आमच्या तेलावरचा फेस चहा होईपर्यंत तसाच. "बाई, हे हायड्रॉलिकचं हलकं तेल हाय, रंग घातलेलं," ते म्हणाले. बाटली हलवणं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे, हे त्यांनीच सांगितलं, आणि मीही तेवढंच म्हणते. पण पुढे गियरबॉक्स उघडला तेव्हा क्लच प्लेटांचं अस्तर काळं पडून सुटलेलं दिसलं.

त्यांनी मला नीट समजावलं आणि ते प्रत्येक ऑटोमॅटिकवाल्याने समजून घ्यावं. साध्या गियरमध्ये तेलाचं काम मुख्यतः दाते घासू न देणं. ऑटोमॅटिकमध्ये इंजिनाची ताकद चाकांकडे जाते तीच टॉर्क कन्व्हर्टरमधल्या तेलातून. शिवाय व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेल हवं तिकडे वळवणारा भाग, तेलाच्याच दाबाने आतल्या क्लच प्लेटा दाबते. त्या प्लेटांनी किती पकडायचं आणि किती घसरायचं हे तेलात मिसळलेल्या द्रव्यांवर ठरतं. तेलात फेस झाला की त्यात हवा आली, हवा दबते, म्हणजे दाब कमी पडला. प्लेटा नीट पकडत नाहीत, घसरतात, तापतात, जळतात. इथे ‘थोडं हलकं तेल चालून जाईल’ हा हिशोब चालतच नाही. सीव्हीटी गाडीत, म्हणजे ठरावीक गियर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिकमध्ये, तर साधं ऑटोमॅटिकचं अस्सल तेलसुद्धा चालत नाही. साधा गियर असला तरी पुस्तिकेत जीएल-फोर या प्रतीचं तेल लिहिलं असेल तर जीएल-फाइव्ह दिसलं म्हणून घालू नका, गियर जुळवणाऱ्या पितळेच्या सिंक्रो रिंगांना त्यातली जादा द्रव्यं मानवतीलच असं नाही.

मी त्या दुकानात परत गेले. त्याने मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. मग म्हणाला, "जुन्या गाडीत नवीन तेल घातलं की गियरबॉक्स जातोच, सगळ्यांना म्हाईत हाय." हे वाक्य तुम्हालाही ऐकवतील. मी मिस्त्रींना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, आधीच मरायला टेकलेला गियरबॉक्स तेल बदलल्याने वाचत नाही हे खरं, पण नवीन तेलाने आलेलं मरण आणि खोट्या तेलाने आलेलं मरण उघडल्यावर वेगळं दिसतं. दुकानदार शेवटी म्हणाला, "पावती दाखवा." ती माझ्याकडे नव्हती, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पावती न देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे, हे मला नंतर कळलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तिथे मराठीत बोलता येतं, कन्नड येत नाही म्हणून कोणी अडून बसू नये. कॅनचे फोटो, फोनवरून पैसे गेल्याची नोंद, मिस्त्रींचं बिल, सगळं पाठवलं. तक्रार नोंदली गेली, अजून निकाल नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं ठरवलं तर आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मी कागद जमवते आहे.

त्या फोटोंमध्ये मला आता जे दिसतं ते तेव्हाही समोर होतं. चारही कॅनवर बॅच नंबर एकच, पण एकावर शाई बोटाने पुसली जाते. किमतीवर वेगळा स्टिकर. कंपनीचा पत्ता छापलेला, पण ग्राहकांसाठीचा फोन नंबर अर्धा कापलेला. पॅकबंद मालावर किंमत, वजन-माप, महिना-वर्ष आणि तक्रारीचा पत्ता स्पष्ट असलाच पाहिजे असा २०११ चा नियम आहे. दुकानातच उजेडात कॅन फिरवून हे वाचा, झाकणाची खालची कडी अखंड आहे का बघा, आत पडदा चारी बाजूंनी पक्का आहे का बघा. नंतर घरी कळून उपयोग नाही. क्यूआर कोड असला तरी तो फोनवर उघडून नेमकं काय दिसतं ते पाहा, चौकोन कोणीही छापतं. आणि पैसे जातात त्या खात्याचं नाव दुकानाच्या पाटीशी जुळत नसेल तर तिथेच थांबा.

हे कॅन खोटे कसे होतात ते मिस्त्रींनी सांगितलं. कॅन खरेच असतात. गॅरेजच्या मागे रिकामे पडतात, भंगारवाला गोळा करतो, चांगल्या दिसणाऱ्या कॅनला वेगळा भाव मिळतो. झाकण आणि पडदा तेवढा नवा लागतो.

गाडी आता चालते. दुसरी फेरी आम्ही या महिन्यात अंगणातच केली, तेल ६४० चंच, पावतीवर बॅच नंबर लिहून घेऊन. जुनं तेल मिस्त्रींच्या ड्रममध्ये नेऊन ओतलं. झाकण उघडायच्या आधी कॅन मी आप्पांच्या हातात दिला. त्यांनी स्वतः फिरवला, आवाज ऐकला, वास घेतला आणि मान हलवली. काम झाल्यावर ते खिळा आणि हातोडी घेऊन पायरीवर बसले. रिकाम्या कॅनच्या बुडाला प्रत्येकी तीन-तीन भोकं पाडली, झाकणं चेचली, आणि मगच कॅन भंगारच्या पोत्यात टाकले.