मेल सर्व्हर कुठे मांडायचा: कचेरीतला डबा, भाड्याचं मशीन की आयती सेवा?

शेतकरी उत्पादक कंपनी असो, जिनिंगची कचेरी असो की तालुक्याच्या गावचा कॉम्प्युटर क्लास, ‘आपल्या डोमेनवर आपलाच मेल सर्व्हर’ असं मनात आलं की पहिला शोध सॉफ्टवेअरचा लागतो. ते नंतर ठरवलं तरी चालतं. आधी ठरवायचं ते हे की मेल बाहेर पडणार कोणत्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवरच्या कोणत्या आकडी पत्त्यावरून. मेल घेणं त्या मानाने सोपं आहे. पाठवलेला मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये न जाता इनबॉक्समध्ये पडणं अवघड आहे, आणि त्यात आयपीची पत फार मोजली जाते.

कचेरीतला डबा

जुना लॅपटॉप किंवा मिनी पीसी टेबलाखाली ठेवायचा, त्यावर लिनक्स टाकायचं, झालं. शिकायला उत्तम, आणि वीजही फार खात नाही. मिनी पीसी, फायबरचा मोडेम आणि राउटर मिळून साधारण ३० वॅट धरा. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास असतात. निम्मेच वापरायचे आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च १५-२० वॅट धरायचा, तरी १८ तास निघतात. बॅटरीत पाणी वेळेवर घातलेलं असलं तर.

अडचण लाईनची कमी, नेटची जास्त. तुमचा मोडेम इन्व्हर्टरवर सुरू असतो, पण पुढे चौकातल्या पेटीतली किंवा टॉवरवरची बॅटरी संपली की नेट जातं. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली तर एक-दोन दिवस धरूनच चाला. तरीही एवढ्याने येणारा मेल हरवत नाही, हे नवख्याला सहसा कुणी सांगत नाही. पाठवणारा सर्व्हर मेल आपल्याकडे ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स या मेल पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची असते. म्हणून ‘बॅकअप एमएक्स’ नावाचा दुसरा सर्व्हर उभारायच्या भानगडीत पडू नका. त्याच्यावर स्पॅमची गाळणी ढिली असते आणि कचरा त्याच दाराने आत येतो.

जागा निवडताना फीडर पाहा. शेतातल्या घरात, कृषी फीडरवर, वीज पाळीने येते. तिथे सर्व्हर नको. गावठाण फीडरवरची खोली बघा. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना आतलं मशीन गरम होऊन आपोआप बंद पडतं. जिनिंगच्या आवारात तर रुईचे तंतू पंख्यात गुंडाळून बसतात, तिथे बिनपंख्याचा पीसीच घ्यावा. मृगात कडाडायला लागलं की मोडेमचा ॲडॅप्टर उपसून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, ॲडॅप्टरमधून येते.

हे सगळं जमवलं तरी तीन गोष्टी तुमच्या हातात नसतात. पहिली, सीजीनॅट. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी आणि ‘माझा आयपी कोणता’ सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, किंवा राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर तुमच्याकडे स्वतःचा सार्वजनिक आयपी नाही. शेकडो घरं एकाच पत्त्यामागे आहेत आणि बाहेरून कुणीही तुमच्या सर्व्हरपर्यंत येऊ शकत नाही. मोबाइल सिमच्या नेटवर तर हेच गृहीत धरा. दुसरी, पोर्ट २५; पोर्ट म्हणजे मशीनचं नंबर दिलेलं दार. सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल याच पोर्टने जातो आणि बऱ्याच घरगुती जोडण्यांवर तो बाहेर जाताना बंद असतो. टेलनेट या छोट्या प्रोग्रामने जीमेलच्या मेल सर्व्हरचा २५ नंबरचा पोर्ट ठोठावून पाहा. २२० ने सुरू होणारी ओळ आली तर रस्ता मोकळा. काहीच न येता कर्सर तसाच लुकलुकत राहिला तर बंद.

तिसरी गोष्ट पीटीआर, म्हणजे आयपीवरून नाव सांगणारी उलटी नोंद. ती डोमेन विकणाऱ्याच्या पॅनेलमध्ये सापडत नाही, कारण ती आयपीच्या मालकाकडे असते. घरी तो मालक म्हणजे नेट पुरवणारी कंपनी. बिझनेस प्लॅनवर स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी मिळतो, पण पैसे भरण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारा: पोर्ट २५ उघडा आहे का, आणि पीटीआर आमच्या नावाने लावून द्याल का? दुसऱ्या प्रश्नावर काउंटरवरचा माणूस गोंधळला, तर उत्तर मिळालं असं समजा. त्यातही घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत (या पत्त्यांवरून थेट मेल घेऊ नका असं सांगणाऱ्या) आधीपासून असतात. तुम्ही एकही मेल पाठवलेला नसला तरी असतात.

भाड्याचं मशीन

डेटा सेंटरमधला व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा आभासी सर्व्हर घेतला की वीज, नेट आणि सार्वजनिक आयपी हे तीनही प्रश्न सुटतात, आणि पीटीआर तुम्ही स्वतः पॅनेलमधून लावू शकता. मुंबई-बंगळुरूत सर्व्हर मिळतात, पण मेलसाठी जवळच्या शहराचा आग्रह धरायचं कारण नाही; दोन सेकंदांनी मेल उशिरा आला तर कुणाला कळतही नाही. १ जीबी रॅमचं मशीन महिन्याला पाच-सहा डॉलरला मिळतं, त्यावर जीएसटी.

फसगत इथेही पोर्ट २५ वरच होते. गूगल क्लाउड तो बाहेर जाण्यासाठी सहसा देत नाही. डिजिटलओशनवर तो बंद असतो. ॲमेझॉनवर अर्ज करून उघडून घ्यावा लागतो, लिनोडवर नव्या खात्याला तिकीट टाकावं लागतं, आणि हेट्झनरवर पहिलं बिल भरून महिना झाल्यावर विनंती करता येते. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिन्याच्या बोलीवर घ्या, पोर्ट तपासा, मिळालेला आयपी काळ्या यादीत आहे का ते पाहा. असेल तर मशीन मोडून नवं घ्या. एवढं होईपर्यंत सॉफ्टवेअरला हात लावू नका.

आयती सेवा

झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्याकडे डोमेन जोडायचं आणि माणशी महिन्याचे पैसे भरायचे. डोमेन तुमचंच राहतं, सर्व्हर त्यांचा. पाच-सहा जणांच्या कचेरीला पैशात हा पर्याय व्हीपीएसच्या आसपासच पडतो, आणि रात्री दोन वाजता कुणाला उठावं लागत नाही. शिकायला मात्र फारसं मिळत नाही: डोमेनवर एमएक्स (मेल कुठे यायचा), एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर पाठवू शकतात) आणि डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) या नोंदी टाकल्या की काम संपलं. पतसंस्था, दवाखाना किंवा जिथे जीएसटी आणि बँकेचे ओटीपी मेलवर येतात अशा ठिकाणी आमचा कौल सरळ इकडे. शिकायची हौस वेगळ्या, स्वस्तातल्या डोमेनवर भागवावी.

सॉफ्टवेअर: तिघांपैकी कोण

पहिली दोन आयती बांधलेली आहेत. तिसऱ्यात मेलची ने-आण करणारा पोस्टफिक्स आणि आलेला मेल पेटीत ठेवून वाचायला देणारा डव्हकॉट हे प्रोग्राम स्वतः जोडायचे. रिले म्हणजे काय ते खाली येईल.

| | मेल-इन-अ-बॉक्स | मेलकाऊ | हाताने पोस्टफिक्स-डव्हकॉट |
|---|---|---|---|
| रॅम | १ जीबी पुरते | किमान ६ जीबी, वर १ जीबी स्वॅप (रॅमला जोड म्हणून डिस्कवरची जागा) | १ जीबीतही चालतं |
| मशीन | कोरं उबुंटू २२.०४, दुसरं काही नको | डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणारं सॉफ्टवेअर) चालणारं कोणतंही लिनक्स | कोणतंही |
| स्पॅमची गाळणी | स्पॅमअसॅसिन | आरस्पॅमडी | तुम्ही बसवाल ती |
| रिले जोडणं | सोय दिलेली नाही | पॅनेलमध्येच आहे | दोन-चार ओळी |

नवख्याने व्हीपीएसवर मेल-इन-अ-बॉक्सने सुरुवात करावी. एक कमांड दिली की तासाभरात वेबमेल, कॅलेंडर आणि जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र असं सगळं उभं राहतं. ‘स्टेटस चेक्स’च्या पानावर काय चुकलंय ते लाल अक्षरात लिहून येतं, आणि ते पान शिक्षकाचं काम करतं. त्याच्या दोन खोडी माहीत असू द्या. एक, डीएनएस (डोमेनच्या नोंदींची वही)सुद्धा आपल्याच हाती द्या असा त्याचा आग्रह असतो. तो मानू नका. नोंदी डोमेन विकणाऱ्याकडेच ठेवा आणि ‘एक्स्टर्नल डीएनएस’च्या पानावरून एकेक उतरवून घ्या. दुसरी खोड ग्रेलिस्टिंगची. अनोळखी सर्व्हरकडून पहिल्यांदा आलेला मेल तो ‘थोड्या वेळाने या’ म्हणून परत पाठवतो. स्पॅम बराच थोपतो, पण पोर्टलचा ओटीपी दहा मिनिटांत शिळा होतो आणि मेल येतो पंधराव्या मिनिटाला.

मेलकाऊ जास्त ताकदीचं आहे: पॅनेल देखणं, डोमेनं कितीही, गाळणी हुशार. पण त्याला ६ जीबी रॅम लागते आणि मोठ्या क्लाउडवर ८ जीबीचं मशीन महिन्याला चाळीस डॉलरच्या पुढे जातं. क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासनीस बंद केला तर भार बराच उतरतो. २ जीबीवर दामटून बसवलं तर दोन दिवस बरं चालतं, मग रॅम संपून कंटेनर एकेक करून पडतात आणि दोष मेलकाऊला लागतो. कचेरीत १६ जीबीचा पीसी आधीच पडून असेल तर मात्र हिशेब फिरतो: डबा घरचा, मेलकाऊ त्यावर, आणि पाठवणी रिलेमार्फत. रिले म्हणजे चांगली पत असलेल्या दुसऱ्याच्या आयपीवरून मेल बाहेर काढणं. तिथे पोर्ट ५८७ लागतो, म्हणून २५ बंद असला तरी अडत नाही. ॲमेझॉनची एसईएस ही रिले सेवा हजार मेलला १० सेंट घेते. नवं खातं मात्र चाचणी अवस्थेत असतं, २४ तासांत २०० मेल आणि तेही फक्त पडताळलेल्या पत्त्यांवर. अर्ज करून ते उठवून घ्यावं लागतं. शिवाय मेल आत येण्यासाठी सार्वजनिक आयपी लागतोच. सीजीनॅट असेल तर हा बेत सोडा.

हाताने पोस्टफिक्स आणि डव्हकॉट जोडणं हा खरा अभ्यास. तो दुसऱ्या फेरीत करावा, कारण पहिल्या फेरीत चूक डीएनएसची की फाइलची हे ओळखता येत नाही. पोस्टफिक्समध्ये एका मेलची कमाल मर्यादा मुळात सुमारे १० एमबीची असते आणि जोडलेली फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ८ एमबीचा सातबाऱ्याचा स्कॅनही अडकतो. फाइल तर ८ची आहे, मग मोठी का म्हणतो, यात नवख्याची संध्याकाळ जाते.

नोंदी आणि त्यांचे घोळ

पर्याय कोणताही घ्या, ही गाठ पडणारच. सर्व्हरचं नाव, त्या नावाची ए नोंद (नावावरून आयपी सांगणारी) आणि आयपीची पीटीआर या तिघांचा मेळ बसला पाहिजे. पीटीआर नसेल तर जीमेल ५५०-५.७.२५ हा कोड देऊन मेल परत करतं. सर्व्हरला आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब पत्ता) मिळालेलं असतं आणि पीटीआर फक्त आयपीव्ही४ ला लावलेली असते, ही नेहमीची चूक. काही मेल जातात, काही परततात आणि कारण कळत नाही. दोन्हींना पीटीआर लावा, नाहीतर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगा.

एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच. आधीच्या वेबसाइटवाल्याने टाकलेली जुनी तशीच ठेवून दुसरी टाकली की दोन्ही निकामी. रिले वापरत असाल तर त्याचं नावही याच नोंदीत घाला. डीकेआयएमची २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते. काही पॅनेलं ती गुपचूप कापतात. अशा पॅनेलमध्ये अवतरणचिन्हं घालून तिचे दोन तुकडे टाकावे लागतात. शिवाय काही पॅनेलं डोमेनचं नाव आपणहून शेवटी जोडतात. तुम्हीही ते लिहिलं की नाव दुप्पट होतं आणि नोंद कुणालाच दिसत नाही. डीमार्क (तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद) सुरुवातीला ‘नन’वर, म्हणजे काहीच करू नका यावर ठेवा, अहवाल महिनाभर पाहा, मगच ‘क्वारंटाइन’कडे जा.

तपासणी अशी करा. जीमेलच्या एका खात्यावर मेल पाठवा, उघडा, तीन टिंबांमधून ‘शो ओरिजिनल’ दाबा. वरच्या चौकटीत एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने लहान पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम, पीटीआर आणि टीएलएस (वाटेत मेल कुलूपबंद ठेवणारी पद्धत) बंधनकारक केलं आहे. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना डीमार्कही. मेल पोचतच नसेल तर सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘डिफर्ड’ शब्द शोधा. त्यापुढे ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ असेल आणि ते सगळ्याच ठिकाणांसाठी असेल, तर पोर्ट २५ बंद आहे. कॉन्फिगच्या फाइली उकरू नका.

तिन्ही ‘पास’ असूनही पहिले आठवडे काही मेल स्पॅममध्ये जातील, कारण नव्या आयपीला पत नसते. दिवसाला दहा-वीस ओळखीच्या लोकांना पाठवा, त्यांना उत्तर द्यायला सांगा. पहिल्याच दिवशी ८०० सभासदांना सर्वसाधारण सभेची नोटीस एकदम सोडली तर आयपीची पत तिथेच जाते. कचेरीतल्या एकाने पासवर्ड म्हणून आपला मोबाइल नंबर ठेवला तरी तेच: तो फोडून कुणीतरी रात्रीत हजारो स्पॅम पाठवतं, सकाळी आयपी काळ्या यादीत. आउटलुकचं दार एकदा बंद झालं की अर्ज करून उघडायला दिवस लागतात.

मेल-इन-अ-बॉक्स घेणाऱ्यांनी एक तारीख लिहून ठेवावी: उबुंटू २२.०४ चा नेहमीचा आधार एप्रिल २०२७ मध्ये संपतो. पुढची आवृत्ती त्याच मशीनवर चढवत नाहीत. नवं मशीन घेऊन बॅकअपमधून सगळं उतरवतात, आणि नवं मशीन म्हणजे सहसा नवा आयपी, नवी पीटीआर. बॅकअप बाहेर दुसरीकडे जातोय का, आणि तो उघडायची गुपित किल्ली सर्व्हरशिवाय आणखी कुठे जपलेली आहे का, हे पहिल्या आठवड्यातच पाहून घ्या. किल्ली फक्त जळालेल्या मशीनवर असेल तर बॅकअप असून नसल्यासारखा.